माझ्या हातची भाकरी

माघीवैनीनं हाताला पदर गुंडाळला आणि माझ्या पानावर भाकरी वरून सोडली. चांगला वीतभर वरून. भाकरी पानाच्या कडेवर पडली, पान उलटलं आणि निम्मी भाकरी बांधावरच्या चिखलात गेली. बाकीच्या बाया मान खाली घालून खात राहिल्या. मी चिखल पुसला आणि ती भाकरी खाल्ली. सकाळपासून कमरेत वाकून तिच्याच खाचरात भात लावला होता. भूक लागली होती, आणि भाकरीवर रुसून बसायला मी काही नवी नवरी नव्हते. पण घास गिळताना मनाशी म्हटलं, वैनी, ही भाकरी मी विसरणार नाही.

आणि नाही विसरले. म्हणून तर सांगतेय.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. सात घरं. लावणी आम्ही पाळीनं करतो. आज एकाच्या खाचरात सातही घरं उतरतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. ज्याचं खाचर, त्याच्या घरची भाकरी, एवढाच रिवाज. यंदा आमची पाळी शेवटची आली होती. सहा घरांचा भात आम्ही नवराबायकोनं आणि सासूनं लावून दिला, आणि आता ती सहा घरं आमच्याकडं यायची होती.

त्या दिवशी दिवेलागणीला माघीवैनी आमच्या अंगणात आली. डोक्यावर इरलं, त्यावरून पाणी गळतंय, पण ओसरीवर चढेना. पाड्यातल्या बायांचं पुढारपण तिच्याकडं. कोणाची पाळी कधी, हे तीच ठरवते.

"हौशे, परवा तुमची पाळी हाय."

"हाय ना. नागली दळून ठेवलीय."

"बाया नको म्हणतात." ती पावसाकडं बघत बोलली. "तुझ्या हाताला काय झालंय ते सगळ्यांनी बघितलं. त्या हातानं थापलेली भाकरी कोण खाईल? पहिली बरी हो, मग बघू."

"आन आवण? ते थांबंल का माझ्यासाठी?"

तिनं इरलं सावरलं आणि निघून गेली.

आवण म्हणजे राबाच्या वाफ्यात वाढवलेली भाताची रोपं. ती कोवळी असतात तोवरच उपटून खाचरात लावायची. जून झाली, कांडी धरली, की लावूनही फुटवा येत नाही. मग वर्षभर विकतचे तांदूळ, म्हणजे दिवाळी झाली की परत वीटभट्टी. भट्टीवर मागच्या वर्षी गेलो होतो, भिवंडीकडं. ताडपत्रीच्या खोपटात दाटीवाटीनं झोपायचो. ही खाज तिथूनच आली. बोटांच्या बेचक्यात बारीक पुटकुळ्या, मनगटाला, कमरेला, काखेत. दिवसा कामात कळायचं नाही. अंथरुणात अंग तापलं की सगळं अंग पेटायचं. नखं लावली की घटकाभर बरं वाटायचं, मग आग. खाजवून खाजवून जखमा पिकल्या होत्या. माझी पोर रोशनी, अंगणवाडीत जाते, ती तर झोपेतच रडायची.

उपाय काय कमी केले होते? करंजाचं तेल झालं, निंबाचा पाला उकळून झाला. सासूनं, गोजाबाईनं, बिब्बा लावायला सांगितला, तर मनगटाला भाजल्यासारखा डाग पडला तो अजून आहे. खोडाळ्याच्या बाजारात एक फिरता औषधवाला बसतो, त्याच्याकडून नवऱ्यानं ट्यूब आणली. ती लावली की चार दिवस थंड वाटायचं. मग काय, घरात ज्याला म्हणून खाजलं त्यानं तीच ट्यूब पिळली. सासऱ्यांच्या कमरेला तीच, सासूच्या पायाला तीच, माझ्या हाताला तीच.

वैनी गेल्यावर सासू चुलीपाशी पुटपुटली, "भट्टीवरून दुसरं काय आणलंस? ही घाण तेवढी आणलीस."

घाण. हा शब्द मला लागला. रोज ओढ्यावर अंग घासून धुणारी बाई मी. मी परात खाली ठेवली.

"उद्या सगळी मोखाड्याला दवाखान्यात. तुम्ही पण, बाबा पण, पोर पण."

"मला कुठं खाजतंय?" माझा नवरा तुळशीदास म्हणाला.

"तुला नसंल खाजत. जीपमध्ये पोरीला मांडीवर घ्यायला ये."

सासरे, जिव्याबाबा, विडी विझवून हसले. म्हणाले, "चला, वरातच काढू."

दवाखान्यात ही गर्दी. ओल्या कांबळ्यांचा वास, पोरांची रडारड. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हर्षदा मॅडम, जव्हारच्याच. त्यांनी आम्हाला एकेकाला बोलावलं नाही, सगळ्यांना एकदमच आत घेतलं.

"घरात झोपता कुठे?"

"चुलीपाशी. सगळी ओळीनं."

"खाज कधी जास्त?"

"अंथरुणात, मॅडम. अंग तापलं की."

त्या मान हलवत राहिल्या. पहिल्यांदा बाबांना उभं केलं. "बाबा, करगोटा जरा वर करा." बाबा लाजले, पण केला. करगोट्याच्या दोरीखाली मोठं चाक उमटलेलं, कडेला लाल, मधे साधं. मॅडमनी त्यांना विचारलं, तहान फार लागते का, लघवी पिवळी होते का, भूक कशी आहे. डोळ्याची पापणी ओढून बघितली, बोटाला टोचून साखर बघितली.

"खाज माझ्या कमरेला, आन टोचता बोटाला," बाबा म्हणाले.

"कधीकधी खाज आतून येते, बाबा. साखर वाढली, कावीळ झाली, मूत्रपिंड थकलं, की कातडीवर काही नसतानाही अंग खाजतं. म्हणून बघितलं. तुमचं आत सगळं ठीक आहे. हे गजकर्ण आहे. ओला करगोटा, ओलं धोतर, त्याखाली वाढतं. औषध लावलं होतं काही?"

नवऱ्यानं खिशातून ती ट्यूब काढली. मॅडमनी ती उजेडात धरून वाचली आणि सुस्कारा सोडला.

"ह्यानं खाज दबते, म्हणून बरं वाटतं. पण गजकर्ण ह्याच्यावर पोसतं. हे चाक एवढं मोठं ह्यानंच झालंय."

"म्हंजी मीच त्याला चारलं," बाबा म्हणाले. खोलीत सगळी हसली, मॅडम पण.

मग सासूचे पाय. बोटांच्या मधली कातडी भिजून पांढरी झालेली, चिरा पडलेल्या. "ह्या चिखल्या, आजी."

"त्या दरसाल व्हतात. त्याला काय दाखवायचं?"

"दरसाल होतात म्हणून दरसाल सोसायच्या का? खाचरातून आलात की पाय धुवा, बोटांच्या मधे फडक्यानं कोरडं करा, हे मलम लावा." सासूनं ते मलम पहिलं कनवटीला खोचलं.

माझी पाळी आली. मी हात पुढं केले आणि उगाचच मागं घेतले. मॅडमनी ते धरले. हातमोजा नाही, काही नाही, नुसत्या बोटांनी धरले. किती दिवसांत परक्या माणसानं माझा हात असा धरला नव्हता. मनगटापाशी त्यांनी शाईच्या पेनानं थोडी शाई फासली आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घेतली. सगळी शाई गेली, एक बारीक वाकडी रेघ राहिली.

"ही बघा. हा त्याचा बोगदा. डोळ्याला दिसणार नाही एवढा बारीक किडा असतो, कातडीच्या आत असा कोरत जातो आणि अंडी घालतो. ही खरूज."

"म्हंजी रक्त बिघडलं?" सासूनं विचारलं.

"रक्ताला काही झालेलं नाही."

"मग घाणीनं?"

"घाणीनंही नाही, आजी. रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते. एका अंथरुणात झोपलं, हात बराच वेळ हातात राहिला, की किडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. यात हिचा काही दोष नाही."

मी सासूकडं बघितलं. ती छताकडं बघत होती. मला एवढं हलकं वाटलं की तिथंच बसकण मारावीशी वाटली.

मग मॅडमनी औषध कसं लावायचं ते सांगितलं. गळ्यापासून तळपायापर्यंत, नुसतं खाजतं तिथं नाही. बेंबीत, काखेत, बेचक्यात, नखांच्या खाली. घरातल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी.

"मला खाजत नाय," नवरा परत म्हणाला.

"अजून नाही खाजत. किडा आला तरी खाज सुटायला कितीतरी दिवस जातात. तुम्ही सुटलात तर घर सुटणार नाही." रात्रभर औषध अंगावर ठेवायचं, सकाळी आंघोळ करायची. अंथरुणं आणि कपडे उकळून उन्हात घालायचे.

"ऊन कुठलं, मॅडम? ह्या पावसात काय वाळणार?"

त्या खिडकीबाहेर बघून हसल्या. "खरंच की. मग खताच्या प्लास्टिकच्या गोणीत भरा आणि तोंड आवळून आठवडाभर ठेवून द्या. माणूस मिळाला नाही की किडा मरतो. आणि खाज लगेच थांबणार नाही, घाबरू नका. पुढच्या आठवड्यात परत या."

आम्ही घरी आलो ते एकदम जोशात. गोधड्या गोणीत कोंबल्या, माळ्यावर टाकल्या. रोशनीला मी नखशिखांत माखलं, ती गुदगुल्या होऊन लोळत होती. सासूच्या पाठीला लावलं, नवऱ्याच्या पाठीला लावलं, बाबांना नवऱ्यानं लावलं. शेवटी राहिलं तेवढं मी माझ्या हातापायाला, पोटाला फासलं. पाठीला हात पुरला तेवढाच. तोवर रोशनी भूक भूक करायला लागली. मी उठले, साबणानं हात स्वच्छ धुतले आणि भाकरी थापायला बसले. हात धुतल्याशिवाय पिठाला शिवायचं नाही, हे माझ्या आईनं मला लहानपणीच शिकवलेलं.

आठवडाभरात घर बदललं. रोशनी गाढ झोपायला लागली. बाबांचं चाक सुकत चाललं, सासूच्या चिरा बुजल्या. नवरा मोठा रुबाबात सांगायचा की बघा, मला तर कधी नव्हतीच. आणि माझ्या बोटांत नव्या पुटकुळ्या.

मधल्या दिवसांत आम्ही तिघांनी मिळून एक लहानसं खाचर लावलं. वरची मोठी खाचरं तशीच, चिखल करून पडलेली, त्यात नुसतं पाणी हेलकावतंय. बाजूला सहा घरांची शेतं हिरवी, आणि आमचं तेवढं उघडं. मी रोज राबात जाऊन आवणाची एक काडी मोडून बघायची. अजून कोवळी होती. पण आदल्या दिवसापेक्षा कमी कोवळी. त्या काळजीनं मला खाजेपेक्षा जास्त पोखरलं.

"तुझ्याच अंगात काहीतरी हाय," सासू म्हणाली. "सगळी बरी झाली, तू तेवढी नाय."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात मी आणि सासू, दोघीच गेलो. नवरा खाचरांचे बांध घालायला राहिला होता. मॅडमनी माझे हात उलटसुलट केले.

"औषध लावल्यावर हात धुतले होते?"

"व्हय, लगेच. साबणानं. भाकऱ्या थापायच्या व्हत्या."

"आणि परत नाही लावलं?"

"परत लावायचं असतंय?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "चुकलं माझंच. सांगायला हवं होतं. सगळ्यांचे हात औषधात राहिले, तुमचेच तेवढे धुतले गेले. किडा तिथंच राहिला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पाठीला कोणी लावलं?"

मी खाली बघत बसले. माझी पाठ कोण चोळणार? आमच्यात नवरा काही सासू-सासऱ्यांच्या देखत बायकोच्या पाठीला हात लावत नाही, आणि एका खोलीच्या घरात त्यांची नजर चुकवणार कुठं? सासूला सांगायची माझी छाती नव्हती.

मॅडम कोणाला रागावल्या नाहीत. नवी ट्यूब घेतली आणि माझ्या हातात न देता सासूच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "घरात सगळ्यांनी परत एकदा लावा. आणि आजी, ह्या खेपेला हिला तुम्ही."

जीपमध्ये सासू ट्यूब मुठीत धरून बसली होती.

घरी पोचल्या पोचल्या तिनं दार लोटलं, बाबांना आणि रोशनीला ओसरीवर घालवलं आणि पाट मांडला. "बस."

"आये, आधी भाकऱ्या करते."

"बस म्हणते ना."

मी पाठ उघडी करून बसले. तिचा हात खरबरीत, कोयता धरून घट्टे पडलेला. मानेपासून कमरेपर्यंत तिनं सावकाश औषध चोळलं, जिथं जखम होती तिथं बोट हलकं केलं. मधेच थांबली.

"किती वाळलीस गं. हाडं लागतात हाताला."

मी गुडघे पोटाशी घेतले.

"त्या दिवशी तू माझी पाठ चोळलीस," ती मागूनच म्हणाली, "तवा मला माझ्या आयशीची आठवण झाली. ती गेल्यापासून माझ्या पाठीला कोणी हात लावला नव्हता. आन मी तुला विचारलं पण नाय, तुझी पाठ कोण चोळंल म्हणून."

पुढं येऊन बसली. माझा एकेक हात मांडीवर घेतला, एकेक बेचका उघडून बोट फिरवलं, नखांच्या खाली औषध दाबलं. मला वाटलं होतं मी हिच्यावर चिडलेली आहे. कसलं काय. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळे नव्हते, तर तिनंच पदरानं पुसले.

अंधार पडायच्या सुमाराला नवरा शेतावरून आला. मी सवयीनं परातीकडं सरकले, तशी सासू ओरडली. "शिवू नको पिठाला. तुळशा, तुझे हात अजून कोरे हायत. धू आन बस."

"मी? भाकऱ्या?"

"मग काय मी पाड्यात जाऊन मागून आणू?"

बसला बिचारा. पीठ कमी, पाणी जास्त. मग पीठ जास्त. भाकरीला पाच कोपरे आले, मधे भोक पडलं, एक तव्यावरून उलटताना चुलीतच गेली. बाबा ओसरीवरून विचारायचे, "झाली का रे एखादी?" रोशनी हसून हसून बापाच्या पाठीवर पडली. सासूनं आपले हात धुतले, त्यातल्या त्यात बरी भाकरी घेतली, मिरचीच्या ठेच्याशी घास केला आणि माझ्या तोंडाशी धरला. लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून मी सगळ्यांना वाढून मग जेवलेली. त्या दिवशी मी पहिली जेवले. कच्ची होती भाकरी, पण मी दोन खाल्ल्या. जेवणं झाल्यावर सासूनं हात पुढं केले. "आता माझ्या हातांना तू लाव. धुतलेत मी." नवऱ्याच्या हातांना तर तिनं तिथंच बसवून लावून घेतलं.

सकाळी आंघोळ केली आणि मी सरळ माघीवैनीच्या घरी गेले. आम्ही निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, नीट लावून रात्र गेली की कामाला, माणसांत जायला हरकत नाही. हेच तिच्या तोंडावर सांगायचं आणि माझी पाळी मागायची, असं ठरवून गेले होते. चार कडक शब्दपण वाटेत जुळवून ठेवले होते.

वैनी ओसरीवर नातवाला पायांवर घेऊन बसली होती. मला बघताच तिनं पोराच्या अंगावर फडकं ओढलं, पण पोरानं तेच लाथेनं उडवलं. तान्ह्याच्या तळव्यांवर, तळपायांवर पुटकुळ्या. मी ओळखल्या. गेले कित्येक दिवस मी दुसरं काय बघत होते?

"वैनी, हात दाखव."

तिनं हात पदरात घेतले. तेव्हा मला बांधावरची ती भाकरी आठवली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि पदर बाजूला केला. बेचक्यांत तेच. मनगटावर, बांगड्यांच्या खाली, तेच.

"कवापासून?"

"तुझ्या आधीपासून," ती हळूच म्हणाली. "आम्ही पण त्याच भट्टीवर व्हतो ना."

"आन भाकरी वरून सोडलीस ती?"

"माझी बोटं कोणाला दिसू नयेत म्हणून. सगळ्यांना वाटलं मी तुला शिवत नाय. मी तसंच वाटू दिलं." तिनं नातवाला जवळ ओढलं. "माझ्यावर आलं असतं हौशे. पुढारपण करते मी. माझ्या हातची कोणी खाल्ली नसती."

आता सांगा, चिडायचं कोणावर? चिडले मी, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "माझी अर्धी भाकरी चिखलात घातलीस वैनी. आवण माझं जून व्हायला आलं. सहा घरांच्या तोंडी माझं नाव घातलंस." ती ऐकत राहिली. सगळं बोलून झालं तेव्हा पोर माझ्या बोटाला धरून खेळत होतं. मग राग किती वेळ टिकणार?

"ऊठ," मी म्हटलं. "पोराला घे. सुनेला घे. जीप निघायच्या आत सडकेला जाऊ. तुझी पाठ मी चोळते."

मॅडमनी वैनीला तपासलं, तान्ह्यासाठी निराळं औषध दिलं, आणि मग मलाच विचारलं, "पाड्यात घरं किती?" दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्सबाई पिशवीभर ट्यूबा घेऊन पाड्यावर हजर. बघितलं तर सातांतल्या पाच घरांत कोणी ना कोणी खाजवत होतं, आणि प्रत्येक घर दाराआड लपवून बसलेलं. वैनीनं भर अंगणात हातांवरचा पदर सोडून आपले हात सगळ्यांपुढं धरले. म्हणाली, "हौशीचं नाव मी पुढं केलं. आधी मला झालं व्हतं." असं बोलायला धाडस लागतं. ते मी तिला मानते.

त्या संध्याकाळी पाड्यात काय मजा झाली म्हणून सांगू. सातही घरांतल्या बाया गळ्यापासून तळव्यापर्यंत औषध माखून, हात पुढं धरून ओसरीवर बसलेल्या, आणि सातही घरांतले बाप्ये चुलीपुढं. कोणाची भाकरी जळतेय, कोणाची तव्याला चिकटलीय, कोणी विचारतोय मीठ पिठात घालायचं की पाण्यात. आमचा तुळशीदास घरोघर जाऊन शिकवत होता, जशी काही जन्मभर थापत आलाय. आणि माझी सासू दारोदार फिरत होती. "बेचक्यात लावलंस का? नखं दाखव. पाठीला कोणी लावलं? कोणी नाय? मग हो तिकडं, बस." तिनं कोणाच्या कोणाच्या पाठी चोळल्या त्याची गणतीच नाही. चार घरांशी तिचा बांधावरून अबोला होता, तो त्याच संध्याकाळी मिटला. पाठ चोळून घेताना कोण अबोला धरील?

सकाळी सगळा पाडा ओढ्यावर आंघोळीला. गोधड्या गोणीत, गोण्या माळ्यावर. आणि त्याच दिवशी आमची पाळी.

मी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून भल्या सकाळीच चूल पेटवली होती. नागलीच्या भाकऱ्या थापल्या, थापतच राहिले, टोपलीत रास झाली. पिठाचे हात निखाऱ्यांच्या उजेडात बघत होते. फोड होते अजून, सुकत आलेले, थोडे खाजत पण होते. खाजेनं मी आता घाबरत नव्हते. आतला किडा मेलाय, हे मला ठाऊक होतं.

सातही घरं आमच्या खाचरात उतरली. बाप्ये आवण उपटून मुठी बांधून फेकत होते, आम्ही बाया ओळीनं मागं सरकत लावत होतो. आवण जरा थोराड झालं होतं, पण काडी अजून वाकत होती, मोडत नव्हती. बाबा बांधावर बसून गाणं म्हणत होते. पाऊस मधेच यायचा, मधेच जायचा. माघीवैनी माझ्या बाजूला होती, अगदी खेटून, चिखलात आमचे हात एकमेकींना लागत होते आणि दोघी बाजूला होत नव्हतो. दुपारपर्यंत मोठं खाचर हिरवं झालं. मी कंबर सरळ करून बघितलं, तर उघडी जागा म्हणून राहिली नव्हती.

"भाकरी," कोणीतरी हाक दिली.

सगळी बांधावर बसली. सासूनं पानं मांडली. मी टोपली घेऊन उभी राहिले. कोण पहिला हात पुढं करतं, की सगळी पानाकडंच बघत बसतात?

माघीवैनी ओढ्यावर हात धुऊन आली. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत उघडे. पान तिनं बाजूला सारलं आणि तळवा माझ्यापुढं धरला. मी भाकरी तिच्या हातावर ठेवली. माझी बोटं तिच्या बोटांना लागली. तिनं घाई केली नाही, मीपण नाही. तिथंच उभं राहून तिनं तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. सगळा बांध बघत होता.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"तुझ्या घरचं जास्त असतं," मी म्हटलं.

सासू फसकन हसली, मग सगळीच हसली, आणि टोपलीवर हात पडायला लागले. बाया पानं विसरल्या, हातातून हातात भाकऱ्या जात होत्या. माझ्यासाठी एक बाजूला ठेवायची म्हणून मी वळले, तर टोपलीच्या तळाला एकच उरली होती. मी ती उचलली तेवढ्यात वैनीनं परत हात पुढं केला.

"आणखी एक दे गं."

मी ती मधोमध मोडली, अर्धी तिला दिली, अर्धी मी खाल्ली.